रेडिएटरचा फॅन फिरत नाही: कपलरवर पूर्ण व्होल्टेज, मोटर मात्र गप्प

शापोराकाठ | १७ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. काल शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी गरम झाली. आई सोबत होती. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान घ्यायचे होते: सुक्या मिरच्या, सोलां (आमसुले), थोडे सुके मासे. पाऊस तोंडावर आला की या बाजाराला किती गर्दी असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. शिवोलीहून येताना काटा रोजच्यासारखा मधोमध होता. बाजाराच्या वळणावर गाड्या तुंबल्या, १५ मिनिटांत काटा वर सरकू लागला आणि एसीतून गरम वारा यायला लागला. काटा लाल रेषेला टेकायच्या आत गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. बॉनेट उघडले तर कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत होते आणि झाकणाखालून पाणी ओघळत होते. रेडिएटरचा फॅन स्तब्ध.

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ची, ७८,००० किलोमीटर झालेली. फॅनला दोन वायरींचे कपलर (काढता-घालता येणारी वायरींची जोडणी) आहे, एक निळी आणि एक काळी.

पाऊण तास थांबून, गाडी थंड करून, रिकाम्या रस्त्यांनी हळूहळू घरी आणली. संध्याकाळी जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने एसी लावायला सांगितला, फॅनचे कपलर काढले आणि त्यात एलईडीचा टेस्टर घातला. दिवा लागला. "करंट येतो, मोटर गेली," म्हणाला. नवीन मोटर मजुरीसकट ४,८०० रुपये. नाहीतर ५०० रुपयांत डॅशबोर्डवर स्विच बसवून फॅन डायरेक्ट करून देतो, म्हणाला.

घरी येऊन मीही मल्टिमीटरने पाहिले. कपलर काढून त्याच्या दोन भोकांत पिना घातल्या, इंजिन आणि एसी चालू: १३.६ व्होल्ट. म्हणजे त्याचे म्हणणे खरे दिसते. ३० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. तरी ४,८०० घालण्याआधी इथे विचारावेसे वाटले. मोटर बदलूनही फॅन नाही फिरला तर पैसेही गेले आणि पाऊसही आला, अशी गत व्हायची.

अंत्रुजकर | १७ मे, रात्री ९:३२

शापोराबाब, इंजिन वेळेवर बंद केलेत ते फार बरे केले. आधी इंजिनाला काही झाले नाही ना ते बघा, फॅन त्यानंतर. उद्या सकाळी गाडी पूर्ण थंड असताना ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायचे झाकण पाहा. आतले ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील) गेले. सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येत राहणे, कुठे गळती नसताना कूलंट कमी होत जाणे, थंड इंजिन चालू करताच टाकीत बुडबुडे येणे, हीसुद्धा त्याचीच लक्षणे. सकाळी पहिल्या दोन मिनिटांत थोडी वाफ निघते तिला घाबरू नका.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. झाकणावर १.१ असा आकडा असेल. तेवढ्या बार दाबाखाली अर्धे पाणी नि अर्धे कूलंट असे मिश्रण १२५ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलेत की दाब जातो आणि सगळे एकदम उकळून तोंडावर येते. आमच्या वाड्यावरच्या एकाचा हात असाच भाजला, तीन आठवडे पट्टी होती.

आणि फॅन दुरुस्त होईपर्यंत गाडी काढावीच लागली नि काटा चढू लागला, तर एसी बंद, हीटरचा खटका पूर्ण लाल बाजूला, ब्लोअर चारवर आणि खिडक्या उघड्या. मे महिन्यात जीव जाईल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तेवढी उष्णता तो बाहेर काढतो.

चोर्लाघाट | १७ मे, रात्री १०:०५

मी बेळगावहून दर पंधरा दिवसांनी गोव्याला येतो. माझ्या जुन्या गाडीचा फॅन दोन वर्षांपूर्वी डायरेक्ट करून घेतला. घाट सुरू झाला की स्विच दाबतो, उतरलो की बंद करतो. एकदाही त्रास नाही. ५०० रुपयांचे काम आहे, करून टाका. मोटर नंतर बघता येईल.

मडगावची_बाय | १७ मे, रात्री १०:४०

आधी कूलंटची पातळी नीट पाहा. माझा अनुभव सांगते. २०१९ साली मी मडगावहून रोज पणजीला कामाला जायचे. नवा जुवारी पूल तेव्हा झाला नव्हता, कुठ्ठाळीला सकाळी तासभर उभे राहणे ठरलेले. एका सकाळी काटा वर गेला आणि मग अचानक खाली येऊन थंडवर टेकला. मला वाटले, चला, निवळले. पाच मिनिटांनी बॉनेटमधून वाफ.

झाले असे होते की आदल्या आठवड्यात कूलंट बदलताना आतली हवा नीट काढली नव्हती. सेन्सर ज्या जागी बसतो तिथे पाणीच नव्हते, नुसती वाफ आणि हवा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याला खरे तापमान कळते. हवेत लोंबकळत राहिला की तो कमी दाखवतो, आणि त्याच्या सांगण्यावर चालणारा गाडीचा कॉम्प्युटर फॅन लावत नाही. मोटर चांगली, फ्यूज चांगला, रिले (कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच) चांगला, आणि फॅन बंद. तेव्हापासून मला काटा वर गेल्यापेक्षा एकदम खाली आल्याची जास्त भीती वाटते.

त्या दिवशी माझ्या मागच्या गाडीतल्या काकांनी उतरून पाण्याची बाटली दिली आणि इंजिन थंड होईपर्यंत थांबून राहिले. त्यांचे नावही विचारले नाही. अजून आठवतात.

वायरमन_३४वर्षे | १८ मे, सकाळी ६:५०

शापोराकाठ, तुमचे सगळे वाचले. बस डेपोत ३४ वर्षे वायरिंगच केले, त्यावरून सांगतो. मोटर गेली असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. तुमचे १३.६ व्होल्ट खरे आहेत, पण ते कपलर काढलेले असताना घेतलेत. तिथेच गोम आहे.

घराच्या टाकीवरून येणारा नळ डोळ्यांपुढे आणा. पाइपात गंज साचून सुईएवढेच भोक राहिले आहे. तोटी बंद असताना तोटीवर पाण्याचा दाब पूर्ण असतो, कारण पाणी वाहतच नाही. तोटी उघडली की चार थेंब. मल्टिमीटर म्हणजे बंद तोटी. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीचा एक केस जरी जोडलेला राहिला असेल तरी पूर्ण व्होल्टेज दाखवतो. एलईडीचा टेस्टरही तसाच, त्याला अगदी थोडा करंट पुरतो. फॅनच्या मोटरला फिरताना ८ ते १५ अँपिअर लागतात आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्या मुलाने फसवले असे मी म्हणत नाही. त्याच्या हातात जे हत्यार होते त्याने हेच दाखवले असते.

आज दोन गोष्टी करा. इंजिन बंद, किल्ली काढलेली. किल्ली काढल्यावरही काही गाड्यांत फॅन आपोआप सुरू होतो, म्हणून बोटे, बाही, ओढणी पात्यांपासून लांब ठेवा.

पहिली गोष्ट: मोटरला थेट बॅटरी द्या. अडीच स्क्वेअरच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) दोन वायरी घ्या, पॉझिटिव्हच्या वायरीत बॅटरीजवळच २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज घाला, आणि मोटरच्या बाजूच्या कपलरला लावा. आधी मोटरला जोडा, बॅटरीला शेवटी टेकवा, बारीक ठिणगी पडेल. फॅन फिरला तर ४,८०० वाचले. नाही फिरला तर फॅनच्या मागच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरू लागला तर कार्बन ब्रश झिजलेत, म्हणजे मोटर खरेच संपत आली.

मल्टिमीटर अँपिअरवर लावून मोटरचा करंट मोजू नका, सुरुवातीच्या झटक्यात मीटरचा फ्यूज उडेल.

दुसरी गोष्ट पहिलीचा निकाल आल्यावर सांगतो.

खारेवारे_वास्को | १८ मे, सकाळी ८:१५

वाचतोय. माझीही गाडी समुद्राकाठी उघड्यावर असते.

जाता जाता: उंदरांनी वायर कुरतडली नाही ना तेही बघा. आमच्याकडे पावसाच्या आधी ते बॉनेटमध्ये येऊन बसतात.

शापोराकाठ | १८ मे, सकाळी ११:२०

अंत्रुजकरबाब, ऑइल स्वच्छ आहे, बुडबुडे नाहीत. कूलंट पाऊण लिटर कमी होते, ओघळले तेवढेच. बाटलीतला तयार कूलंट घातला. हीटर लावून, झाकण उघडे ठेवून, थंड इंजिन दहा मिनिटे चालवून हवा काढली. बाय, तुमची सूचना डोक्यात होती.

आणि वायरमनकाका, फॅन फिरला! बॅटरीला वायर टेकवताच असा झर्रकन सुटला की मी दचकून मागे सरलो. आवाज मऊ, कुठे घासत नाही, थरथरत नाही. वायर काढल्यावरही बराच वेळ फिरत राहिला. आई ओट्यावरून बघत होती, तिने हात जोडले.

उंदरांची खूण नाही. वायरींवरचे काळे नळकांडे दिसते तेवढे सगळीकडे शाबूत आहे.

चोर्लाघाट | १८ मे, दुपारी १२:००

म्हणजे मोटर चांगली. मग आता त्याच दोन वायरी कायमच्या ठेवा, मध्ये स्विच घाला. बॅटरीवरून पॉझिटिव्ह, बॅटरीवरूनच निगेटिव्ह. फॅन फिरतोय हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेत.

वायरमन_३४वर्षे | १८ मे, दुपारी १:३०

चोर्लाघाट, तुम्ही मदतीच्या भावनेने सांगताय हे कळते. तुमचे दोन वर्षे चालले, कारण घाट कुठे सुरू होतो ते तुम्हाला माहीत आहे. शापोराकाठच्या गाडीत उद्या त्यांची बायको असेल, मुलगा असेल, वाहतुकीत अडकलेले असतील, फोन वाजत असेल. स्विच दाबायचा राहिला की अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. हेड उघडून फेसिंग करून (घासून सपाट करून) परत बसवायचा खर्च मोटरच्या कितीतरी पट आहे. कॉम्प्युटर विसरत नाही, माणूस विसरतो.

शिवाय डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचमधून १० अँपिअर सतत गेले की तो आतून वितळतो. फ्यूज नसलेली वायर फायरवॉलच्या पत्र्यावर घासून शॉर्ट झालेली, आतली सगळी लूम (वायरींचा जुडगा) जळालेली, हे मी या हातांनी सोडवले आहे. अगदीच अडले, परगावी आहात, तर रिले घालून, बॅटरीशेजारी फ्यूज घालून, घरी पोचेपर्यंत डायरेक्ट करा. कायमचे नको.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. डायरेक्ट केले की फॅन फिरणार, सगळे खूष, आणि जो बिघाड होता तो आत तसाच. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. तो बिघाड फॅनचा एकट्याचा आहे की आणखी कुणाचा, हे कळायला नको का?

शापोराकाठ, आता दुसरी गोष्ट. फॅनचे कपलर परत जोडा. इंजिन बंदच. फ्यूजच्या डब्यातला फॅनचा रिले काढा. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र असते, त्यात जागा दिसेल. रिलेच्या बुडाला ३०, ८७, ८५, ८६ असे बारीक आकडे आहेत. ३० आणि ८७ ज्या भोकांत जातात ती दोन भोके जाड वायरीने जोडा. बहुतेक गाड्यांत ३० वर बॅटरी कायम असते, त्यामुळे मोटरला सप्लाय जाईल. रिलेवर आकडे नसतील किंवा भोके कुठली ते नक्की कळत नसेल तर अंदाजाने जोडू नका, फोटो टाका.

मग मीटर व्होल्टवर ठेवून तीन मापे घ्या. कपलर जोडलेलेच राहू दे, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने शिवणाची सुई आत सरकवा आणि सुईला मीटर लावा. वायरीच्या रबरात टोचू नका. आपल्या हवेत त्या भोकातून खार आत जातो आणि सहा महिन्यांनी तीच जागा कुजते. एक माप निळी आणि काळी यांच्यात. दुसरे, बॅटरीचा प्लस ते निळी. तिसरे, काळी ते बॅटरीचा मायनस. तीन आकडे इथे लिहा. फॅन फिरला तरी लिहा, नाही फिरला तरी लिहा.

अंत्रुजकर | १८ मे, दुपारी २:१०

हा धागा पुढे कुणी शोधून वाचेल म्हणून थोडे लिहून ठेवतो. शापोराबाबांच्या गाडीत एसी लावल्यावर कपलरपर्यंत सप्लाय आला, म्हणजे रिले नि कॉम्प्युटर त्यांचे काम करताहेत. ज्यांच्या गाडीत कपलरवर काहीच येत नाही त्यांनी उलट दिशेने जायचे. फॅनचा रिले आणि हॉर्नचा रिले सारख्याच नंबरचे असतील तर अदलाबदल करा. फॅन फिरला आणि हॉर्न गेला, तर रिलेच खराब. एसीवर फॅन फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर तापमानाच्या सेन्सरकडे बघा. त्याचे कपलर काढले की बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर सुरक्षिततेसाठी फॅन लावून टाकतो. तेव्हा चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका. अशा सेन्सरचा रोध साधारण २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास येतो. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून घरी मोजता येतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत कॉम्प्युटरच नाही. रेडिएटरला दोन वायरींचा थर्मो स्विच असतो. त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि फॅन फिरला, तर स्विच बदला.

दोन स्पीडचा फॅन असेल आणि फक्त जोरातला स्पीड चालत असेल तर बहुधा फॅनच्या चौकटीवरचा रेझिस्टर जळलेला असतो. आणि फॅनला तीन-चार वायरी नि स्वतःचा कंट्रोलर असेल तर त्याला बॅटरी थेट लावू नका, तो उडेल.

शापोराकाठ | १८ मे, संध्याकाळी ६:४५

रिलेच्या बुडाला आकडे स्पष्ट होते. मापे:

निळी ते काळी: ०.४ व्होल्ट.
बॅटरी प्लस ते निळी: ०.०१ व्होल्ट.
काळी ते बॅटरी मायनस: १२.० व्होल्ट.

बॅटरी स्वतः १२.४ आहे. फॅन फिरला नाही. काळी वायर तर अर्थची ना? तिच्यावर १२ व्होल्ट कसे?

वायरमन_३४वर्षे | १८ मे, संध्याकाळी ७:०५

सापडले.

बॅटरीचे १२.४ व्होल्ट कुठे खर्ची पडले ते तुम्हीच लिहिलेत. सप्लायच्या वायरीत ०.०१, म्हणजे ती बाजू चोख. मोटरच्या वाट्याला ०.४. उरलेले १२ व्होल्ट काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतच्या वाटेत अडून बसले. तुमची अर्थ कुजली आहे. करंट मोटरपर्यंत येतो, त्याला परत जायला वाट नाही. बॅटरीवरून वेगळी निगेटिव्ह आणलीत तेव्हा वाट मिळाली आणि मोटर फिरली.

काळी वायर धरून मागे जा. पुढच्या बंपरच्या आत, हेडलाइटच्या खाली किंवा रेडिएटरच्या आडव्या पट्टीला ती १० नंबरच्या बोल्टने पत्र्याला बांधलेली असेल. त्याच बोल्टवर आणखी वायरी असतील. म्हणून विचारतो: डावा किंवा उजवा हेडलाइट मंद पडलाय का? हॉर्नचा आवाज बसलाय का?

शापोराकाठ | १८ मे, संध्याकाळी ७:२०

काका! डावा हेडलाइट पिवळट पडलाय. नरकासुराच्या रात्री पोरांना प्रतिमा बघायला घेऊन गेलो होतो, तेव्हाच भाऊ म्हणाला होता की एक दिवा म्हातारा झाला. मी बल्ब बदलला, तरी तसाच. मग काच जुनी झाली म्हणून सोडून दिले. सात महिने झाले त्याला.

मडगावची_बाय | १८ मे, संध्याकाळी ७:५०

अंगावर काटा आला वाचून. सात महिने गाडी सांगत होती.

शापोराकाठ | १९ मे, रात्री ८:३०

आज कामावरून लवकर आलो, उजेड होता. सविस्तर लिहितो.

बॅटरीचा मायनस काढला. डाव्या हेडलाइटच्या खाली, बंपर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत, हात कसाबसा जातो तिथे अर्थचा बोल्ट मिळाला. त्यावर तीन काळ्या वायरी. दिसायला बोल्ट साधाच, वरून मातीचा लेप. १० नंबरचा पाना लावून अर्धा आटा फिरवला तर माती पडली आणि खाली हिरवी-पांढरी भुकटी, मिठागराच्या कडेला सुकलेल्या खारासारखी. फॅनची वायर ज्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) होती ते थिंबल मी ओढलेही नाही, नुसते बोट लागले आणि तुटून हातात आले. त्याची कडी आणि वायर यांच्या मध्ये तांब्याचा एकच तंतू उरला होता, तोही काळा. तेरा व्होल्ट दाखवणारा तो हाच. कितीतरी वेळ मी तो हातात धरून बसलो होतो.

आमची गाडी नदीकाठी माडांखाली उभी असते. पहाटे काचेवर बोट फिरवले तर जिभेला खारट लागते. पावसाळ्यात वाटेत दोन ठिकाणी पाणी साचते, ते चाकावरून उडून नेमके त्याच फटीत जात असणार.

वायर कापत मागे गेलो. रबराच्या आत तांबे काळेच. चार इंच कापल्यावर लालसर चकचकीत तांबे लागले. तिथून नवा तुकडा जोडला, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, टोकाला तांब्याचे नवे थिंबल दाबून बसवले. बाकी दोन वायरींची थिंबले घासून स्वच्छ केली. पत्र्यावरचा रंग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने बोल्टच्या जागेपुरता खरवडला, चंदेरी पत्रा दिसेपर्यंत. दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट केला आणि घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. सगळा खर्च ११० रुपये, त्यात जेलीची डबी आली.

रिलेच्या जागी जंपर (तीच जाड वायर) घालून मापे पुन्हा घेतली. फॅन फिरत असताना काळी ते बॅटरी मायनस: ०.०६ व्होल्ट.

मग जंपर काढला, रिले बसवला, इंजिन सुरू केले, एसी बंद ठेवला आणि उभ्या गाडीत वाट बघत बसलो. मेहुण्याचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले तापमान दाखवणारे यंत्र) आणला होता. ८८, ९१, ९४. ९५ वर काटा मधोमधच होता आणि माझी छाती धडधडत होती. ९७ ला रिलेचा टक्क असा आवाज आला आणि फॅन सुटला. ९२ ला थांबला. परत चढले, परत ९७ ला सुटला. असे चार वेळा पाहिले तेव्हा उठलो.

अंधार पडल्यावर समोरच्या भिंतीवर दिवे पाडले. दोन्ही सारखे पांढरे.

वायरमनकाका, तुम्हाला काय म्हणू? देव बरें करूं. अंत्रुजकरबाब, बाय, चोर्लाघाटभाऊ, सगळ्यांचेच.

चोर्लाघाट | १९ मे, रात्री ९:१५

मनापासून अभिनंदन. तुमचे थिंबलचे वर्णन वाचून मी आज माझ्या गाडीचे बॉनेट उघडले. फॅन डायरेक्ट करताना जुनी वायर कापून तशीच लोंबकळत सोडली होती, टोकाला टेपसुद्धा नाही. तिच्यात सप्लाय जिवंत आहे. मला माहीत नव्हते. काका, रविवारी मी पणजीत आहे. ते परत मूळ जागी आणायचे असेल तर सुरुवात कुठून करू?

वायरमन_३४वर्षे | १९ मे, रात्री ९:४०

आत्ता, आजच, बॅटरीचा मायनस काढून त्या टोकावर नीट टेप गुंडाळा. जिवंत वायर पत्र्याला लागली तर फ्यूज तरी उडेल, नाहीतर आग. मग तुमचा फॅन मुळात का बंद पडला होता ते शोधायचे, कारण ते कुणी शोधलेच नाही. शापोराकाठनी घेतली तीच तीन मापे तुम्हीही घ्या आणि नवा धागा काढा. मी बघतो.

शापोराकाठ, काम उत्तम केलेत. रंग खरवडणे बरेच जण विसरतात. बॅटरीच्या मायनसची जाड वायर जिथे बॉडीला आणि गिअरबॉक्सला लागते ते दोन बोल्टही याच रविवारी उघडून घासा. त्यांनाही तीच हवा लागते.

खारेवारे_वास्को | २२ मे, सकाळी ७:३०

मी फॅन चालू असतानाच मोजले. काळी ते बॅटरी मायनस १.९ व्होल्ट. फॅन फिरतो, पण एसी लावून सिग्नलला उभा राहिलो की काटा जरा वर जातो. हे ठीक आहे की करायला हवे?

वायरमन_३४वर्षे | २२ मे, सकाळी ७:४५

करायलाच हवे. ०.५ च्या वर गेले की मी बोल्ट उघडतो. तुमच्या मोटरला आत्ताच दोन व्होल्ट कमी मिळताहेत, म्हणून ती हळू फिरते आणि काटा सरकतो. पाऊस लागायच्या आत करा, एकदा ओले झाले की घासलेला पत्रा दोन दिवसांत परत गंज धरतो.

शापोराकाठ | २३ मे, रात्री ८:५०

आज परत शुक्रवार. आईला घेऊन म्हापशाला गेलो होतो. त्याच वळणावर वीस मिनिटे अडकलो, एसी चालू ठेवून. दर थोड्या वेळाने पुढून फॅनचा आवाज येत होता आणि मी दर वेळी काट्याकडे बघत होतो. मिरच्या मिळाल्या, सोलां मिळाली. सुके बांगडे संपले होते.